मूकपटांचा विनोद, मूकपटांचे धाडस

परतवाडा - सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाहून बैतूलच्या रस्त्याने निघाले, की बहिरमचे ठिकाण लागते. डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभराहून अधिक काळ चालणारी ही यात्रा रोडग्यांसाठी आणि हंडीतल्या मटणासाठी सर्वदूर ओळखली जाते. अशा जत्रांतून वऱ्हाडातील माणसाने पिढ्यान् पिढ्या एक खेळ पाहिला आहे. दोन बांबूंच्या कैच्यांवर ताणलेला दोर, त्यावरून तोल सावरीत चालणारी डोंबाऱ्याची पोर आणि खाली ढोलकी वाजविणारा तिचा बाप. पोर मुद्दाम अडखळते, बघ्यांचा श्वास अडकतो आणि ती सावरली की हशा पिकतो. भीती आणि हसू यांची ही जोडगोळी चित्रपटाच्या जन्मापूर्वीची आहे. मूकपटाने ती उचलली आणि जगभर नेली.

शब्दांचा आधार नसलेल्या त्या चित्रपटांत नटाला जे सांगायचे ते शरीरानेच सांगावे लागे. पडणे, धडपडणे, उडी मारणे, लटकणे, धावणे हीच त्याची भाषा होती. या भाषेला व्याकरण होते, तिची किंमतही होती आणि ती किंमत बहुधा नटाच्या हाडामांसातून वसूल होई. महाराष्ट्राच्या चित्रपट इतिहासात या परंपरेचा मोठा भाग दडलेला असून, तिचा एक ठळक वारसदार अमरावतीत जन्मला होता.

कुस्तीपासून सुरुवात

मुंबईतील वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्याच बंधूंच्या १८९५ मधील एका चित्रफितीत माळी बागेला पाणी घालत असतो, एक खोडकर मुलगा नळीवर पाय ठेवतो आणि माळी नळीत डोकावताच पाय काढतो. पडद्यावरील शारीरिक विनोदाचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. त्यात एकही शब्द नाही. पण गंमत कोणालाही समजावून सांगावी लागत नाही.

वॉटसन्समधील खेळाने भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डन परिसरात एक कुस्ती चित्रित केली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे त्या कुस्तीतले मल्ल. त्याच सुमारास त्यांनी माकडांचा खेळ करणाऱ्या मदाऱ्यावरही एक चित्रफीत तयार केली. मराठी माणसाने कॅमेरा हाती घेतल्यावर प्रथम टिपले ते आखाड्यातले शरीर आणि रस्त्यावरचा खेळ, ही बाब लक्षणीय आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्या वेळच्या जाहिरातीत चित्रपटाबरोबर नृत्य, विनोदी नक्कल आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचा खेळ यांचाही समावेश होता. पौराणिक कथेला कसरतीची जोड देण्यात तत्कालीन चालकांना काहीही वावगे वाटले नाही. स्वतः फाळके जादूचे प्रयोग करीत असत. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेले 'प्रोफेसर केळफा' हे त्यांचे रंगमंचावरील नाव होते. त्यांनी १९१४ मध्ये 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी मूकपटही काढला.

'लंकादहन' (१९१७) मध्ये हनुमानाचे उड्डाण आणि जळती लंका पाहण्यासाठी प्रेक्षकांनी गर्दी केली. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तर हनुमानाची भूमिका गणपत शिंदे यांच्याकडे होती. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये फाळके यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कृष्णाच्या खोड्या आणि कालियाशी झालेली झुंज हे त्या चित्रपटाचे दोन आधार आहेत. एकात विनोद, दुसऱ्यात धाडस. आणि दोन्हींचा भार एका लहान मुलीच्या अंगावर. हा चित्रपट बऱ्याच अंशी सुरक्षित राहिल्याने आजही पाहता येतो.

विदेशातील तीन शिलेदार

इंग्रजीत अशा विनोदाला 'स्लॅपस्टिक' म्हणतात. हा शब्द इटलीतील जुन्या लोकनाट्यातील एका साधनावरून आला. दोन पातळ फळ्या एकत्र जोडून केलेल्या त्या काठीने कोणाला मारले, तर आवाज मोठा होई आणि इजा मात्र फारशी होत नसे. पडद्यावरील शारीरिक विनोदाचे सारे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. लागले असे दिसावे, पण लागू नये. प्रत्यक्षात ते पुष्कळदा लागे.

अमेरिकेत मॅक सेनेट यांनी १९१२ मध्ये कीस्टोन कंपनीच्या माध्यमातून पाठलाग, पडापड आणि गोंधळ यांचे चित्रपट काढण्यास सुरुवात केली. चार्ली चॅप्लिन १९१४ मध्ये तेथूनच पडद्यावर आला. चॅप्लिनचा विनोद चालण्यात, टोपी सावरण्यात, काठी फिरविण्यात होता. पण धाडसातही तो मागे नव्हता. 'द सर्कस' (१९२८) साठी तो दोरावर चालायला शिकला आणि सिंहाच्या पिंजऱ्यातही शिरला.

हॅरॉल्ड लॉईड याची ओळख झाली ती 'सेफ्टी लास्ट' (१९२३) मधील इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लटकलेल्या चष्मेवाल्या तरुणामुळे. हे दृश्य एका उंच इमारतीच्या गच्चीवर भिंतीचा देखावा उभारून चित्रित करण्यात आले होते. कॅमेऱ्याचा कोन असा साधला होता, की खालचा रस्ता थेट नटाच्या पायाखाली दिसावा. प्रत्यक्षात काही फूट खाली गाद्या अंथरलेला मंच होता. दूरच्या काही दृश्यांत इमारती चढण्यात तरबेज असलेला दुसरा माणूस वापरला होता. मात्र, त्यामुळे लॉईडची जोखीम संपत नव्हती. १९१९ मध्ये छायाचित्रासाठी हाती घेतलेला खोटा समजला गेलेला बॉम्ब फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. घड्याळाला लटकणाऱ्या त्या हातावर कृत्रिम बोटे बसविलेला हातमोजा होता.

बस्टर कीटन याची जातकुळी आणखी वेगळी. आईवडिलांच्या रंगमंचीय खेळात लहानपणापासून आदळआपट सोसलेला हा नट चेहऱ्यावरची रेषही न हलविता जिवावरचे खेळ करी. 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये रेल्वेच्या पाण्याच्या टाकीतून कोसळलेल्या लोंढ्याने तो रुळावर आपटला. मानेचे हाड मोडले होते, हे त्याला कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळले. 'द जनरल' (१९२६) मध्ये तो धावत्या वाफेच्या इंजिनावर खेळला. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि माडीच्या उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो सहीसलामत उभा राहतो. ती भिंत खरी वजनदार होती आणि चौकटीची मोकळी जागा त्याच्या शरीरापेक्षा काही इंचच मोठी होती. पायाची जागा चुकली असती, तर दुसऱ्यांदा चित्रीकरणाची वेळ आली नसती.

तंत्र आणि तारतम्य

मूकपटांतील माणसे भराभर चालताना दिसतात, यामागे तांत्रिक कारण आहे. त्या काळी कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालवीत आणि सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चित्रचौकटी टिपल्या जात. दांडी संथ फिरविली, की चौकटी कमी टिपल्या जात. त्या नेहमीच्या वेगाने दाखविल्यावर हालचाल वेगवान भासे. पाठलाग आणि हाणामारी अधिक थरारक करण्यासाठी हा उपाय सर्रास योजला जाई. पुढे बोलपटांसाठी सेकंदाला चोवीस चौकटींचा वेग ठरला. जुने मूकपट त्या वेगाने दाखविले गेल्याने त्यांतील पात्रे मूळ इराद्याहूनही अधिक धांदलीची दिसू लागली.

कॅमेरा थांबवून माणूस गायब करणे, एकाच फितीवर दोनदा चित्रीकरण करणे, लपविलेल्या उसळत्या जाळीवरून उडी घेणे अशा युक्त्याही होत्या. डग्लस फेअरबँक्स याच्या 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) मधील मोठमोठ्या रांजणांतून उड्या मारण्याचे दृश्य अशाच जाळ्यांच्या आधाराने साधले होते. या चित्रपटाचे भारतात विलक्षण स्वागत झाले. दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ मध्ये सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीनेही त्याच्या लोकप्रियतेची नोंद घेतली. चॅप्लिन, लॉईड आणि कीटन यांच्या विनोदी चित्रपटांनाही येथे प्रेक्षक लाभत होता. भाषेची अडचण नसल्याने परदेशी नट गिरगावात जितका कळे, तितकाच तंबूतल्या खेळाला आलेल्या खेड्यातील प्रेक्षकालाही कळत असे. दोन दृश्यांमधील मजकुराच्या पाट्या ज्यांना वाचता येत नसत, त्यांच्यासाठी शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखवी.

कोल्हापूरची तालीम, मुंबईचा 'फेअरबँक्स'

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने या क्षेत्रात वेगळा ठसा उमटविला. 'सैरंध्री' (१९२०) मधील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की त्याला कात्री लागली. 'सिंहगड' (१९२३) मध्ये गडावरील लढाई दाखविताना कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. तालमींच्या या शहराला तलवार आणि दांडपट्टा चालविणारी माणसे शोधण्यासाठी दूर जावे लागत नव्हते. याच चित्रपटात शेलारमामा झालेले व्ही. शांताराम पुढे मोठे दिग्दर्शक झाले. पण अंगावर जोखीम घेण्याची मूकपटातली सवय त्यांनी सोडली नाही. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) च्या वेळी बैलाशी झुंजीचे दृश्य करताना त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतच पडद्यावर आलेला एक तरुण म्हणजे मास्टर विठ्ठल. 'कल्याण खजिना' (१९२४) मध्ये त्याने नर्तकीची भूमिका केली होती. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत तो तलवारबाजी आणि साहसाच्या चित्रपटांचा नायक झाला. लोक त्याला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले आणि त्याचे नाव पाहून तिकिटे खपू लागली.

अर्देशीर इराणी यांनी 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटासाठी त्याला घेतले, तेव्हा शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलची बाजू मांडली ती बॅ. महंमद अली जिना यांनी आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला. मात्र, नायकाचे उर्दू उच्चार जमत नसल्याने त्याला बऱ्याच प्रसंगांत अर्धवट शुद्धीत दाखविण्यात आले. ज्या शरीराने त्याला नायक केले, ते बोलपटाने निजवून ठेवले. त्यानंतरही विठ्ठलने अनेक मराठी-हिंदी चित्रपट केले. पण उत्तरायुष्यात त्याच्या वाट्याला लहान भूमिका आल्या. १९६९ मध्ये तो निवर्तला.

स्त्रियाही या खेळात मागे नव्हत्या. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार यांनी पुण्यातील अगरवाल फिल्म कंपनीच्या 'दिलेर जिगर' (१९३१) या देमार मूकपटात काम केले. हा चित्रपट शिल्लक राहिल्याने, खाष्ट सासू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अभिनेत्रीचे साहसी रूप आज पाहता येते. जे. बी. एच. वाडिया यांनी १९३२ मध्ये 'तूफान मेल' हा रेल्वेवरील साहसाचा मूकपट काढला. रेल्वेच्या टपावरील हाणामारीचा हा धागा वाडियांनीच पुढे नादियाच्या 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) या बोलपटात वाढविला. 'तूफान मेल' आला त्या काळात वऱ्हाडात मूर्तिजापूर ते अचलपूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ या अरुंद मार्गांवर वाफेच्या इंजिनाचीच गाडी धावत होती. 'शकुंतला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाडीचे मँचेस्टरला बनलेले इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले.

अमरावतीचा भगवान

या परंपरेचा वऱ्हाडशी थेट संबंध जोडणारे नाव म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराच्या घरातील हा मुलगा १९१३ मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्याच वर्षी, अमरावतीत जन्मला आणि मुंबईत कामगार वस्तीत वाढला. शाळेपेक्षा त्याचा जीव व्यायामशाळेत आणि मूकपटांच्या खेळांत अधिक रमला. मूकपटांच्या अखेरच्या पर्वात 'बेवफा आशिक' मध्ये त्याला कुबड्याची विनोदी भूमिका मिळाली. म्हणजे त्याची सुरुवातच शरीराच्या विनोदाने झाली.

त्याच्या जन्मानंतर वर्षभरातच, १९१४ मध्ये, अमरावतीत वैद्य बंधूंनी आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. या संस्थेच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. कमावलेले शरीर ही प्रतिष्ठेची गोष्ट मानणाऱ्या त्या काळाचे वारे भगवानच्याही अंगात भिनले होते.

'बहादूर किसान' (१९३८) या चित्रपटाचे त्याने सहदिग्दर्शन केले. त्यानंतर दहा-अकरा वर्षे तो कमी खर्चाचे देमार चित्रपट काढीत राहिला. गिरणगावातील कामगार हा त्याचा प्रेक्षक होता. हाणामारीची दृश्ये तो बदली नट न घेता स्वतः करी. १९४७ मध्ये त्याने चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूरच्या सल्ल्यावरून त्याने सामाजिक विषयाकडे वळून 'अलबेला' (१९५१) काढला. सी. रामचंद्र यांचे संगीत आणि गीता बालीची साथ लाभलेल्या या चित्रपटाने त्याला घराघरांत पोहोचविले. त्यातील त्याचे नृत्य म्हणजे मूकपटाचाच अवशेष होता. पाय जागचे फारसे हलत नाहीत, खांदे आणि हात बोलतात, चेहरा प्रेक्षकांशी गुपित वाटून घेतल्यासारखा राहतो. लग्नाच्या वरातीत आजही अनेक जण नकळत त्याचीच नक्कल करतात.

जखमांचा हिशेब

या खेळाची दुसरी बाजू भगवानच्याच कारकिर्दीत दिसते. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्याने ललिता पवार यांना थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. तडाखा जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला, वर्षानुवर्षे उपचार घ्यावे लागले आणि डाव्या डोळ्यातील दोष कायमचा राहिला. नायिकेच्या भूमिका त्यानंतर संपल्या. त्यांनी चरित्र भूमिकांत नवे आयुष्य उभारले, हे त्यांच्या जिद्दीचे यश. परंतु त्यांचा जो डोळा प्रेक्षकांनी कजाग सासूचा म्हणून ओळखला, तो अपघाताची खूण होता. मारल्यासारखे दाखविणे आणि मारणे यांतील अंतर किती थोडे असते, हे त्या एका क्षणाने दाखविले.

नाव असलेल्या कलावंतांच्या जखमांची निदान नोंद तरी झाली. घोड्यावरून पडणारे, कड्यावरून उडी घेणारे, नायकाच्या ठोशाने कोलमडणारे बिननावाचे कसरतपटू इतिहासात कोठेच नाहीत. त्यांना विम्याचे संरक्षण नव्हते आणि श्रेयनामावलीत जागाही नव्हती.

भगवानच्या वाट्यालाही उतरती कळा आली. पुढचे चित्रपट पडले, जुहूचा बंगला आणि मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. दादरच्या चाळीतल्या घरात ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या देमार चित्रपटांपैकी बहुतेकांच्या प्रती गोदामाच्या आगीत भस्मसात झाल्या. २०१६ मध्ये त्याच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला आणि मंगेश देसाई यांनी ती भूमिका केली. मात्र, ज्या चित्रपटांनी भगवान घडला, ते पाहण्याची सोय आता उरलेली नाही.

उरले ते किती?

मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतील पूर्ण किंवा अपूर्ण अवस्थेत हाती राहिलेले फारच थोडे आहेत. नायट्रेटची फीत चटकन पेट घेते आणि ओल लागली की विरते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. अनेक फिती त्यातील चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत बरेच काही हातचे निसटले होते. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळेल ते गोळा केले. फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष आज दिसतात, त्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठाराला लागलेल्या आगीत आणखी मोठा ठेवा नष्ट झाला. सुदैवाने काहींच्या सुरक्षित फितीवरील प्रती आधीच करून ठेवलेल्या होत्या.

मास्टर विठ्ठलच्या बाबतीत ही हानी सर्वाधिक जाणवते. ज्याच्या एका उडीसाठी प्रेक्षक शिट्ट्या मारीत, त्याची कसरत नेमकी कशी होती, हे ठरविण्यासाठी आज छायाचित्रे, जाहिराती आणि आठवणी यांवरच विसंबावे लागते. बंगालमधील 'जमाई बाबू' (१९३१) हा कलकत्त्यात भांबावलेल्या खेडवळ जावयाचा विनोदी मूकपट शिल्लक आहे. 'पिठाचे पंजे' मात्र केवळ नावाने उरला आहे.

जुन्या चित्रपटगृहांच्या अडगळीत, फिरत्या तंबूवाल्यांच्या पेट्यांत किंवा घराच्या माळ्यावर एखादा गंजका डबा अजूनही सापडू शकतो. असा डबा मिळाल्यास तो उन्हात उघडू नये, विस्तवाजवळ नेऊ नये आणि भंगारात देऊ नये. फीत उलगडून पाहण्याचा मोह टाळून थेट पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. फीत कितीही विरलेली असली, तरी तज्ज्ञांना तिच्यातून काही चौकटी वाचविता येतात. आगगाडीच्या टपावरून उडी मारणाऱ्या एखाद्या बिननावाच्या कसरतपटूचा तोच एकमेव पुरावा असू शकतो.